पट्टी चुकलेला पापा

क्वासी द्वुमफोरला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी आपल्या मुळांची आठवण झाली. मुळं एफिदुआसे गावात होती आणि क्वासी तेमा बंदरावर कंटेनरांचे कागद तपासत बसलेला असायचा, त्यामुळे दोघांची गाठ क्वचितच पडे.

पंचवीस वर्षांपूर्वी तो एम.सी. सायक्लोन होता. घानात चक्रीवादळं येत नाहीत, हे भूगोलात पास झालेल्या एका मित्राने त्याला सांगितलं, पण तोवर पहिली कॅसेट छापून झाली होती. तो इंग्रजीत रॅप करायचा, तेही न्यूयॉर्कच्या इंग्रजीत. पश्चिमेला तो स्वतः घानातल्याच ताकोरादी शहराच्या पुढे कधी गेला नव्हता. कॅसेटच्या मुखपृष्ठावर तो लोकरीची टोपी घालून उभा होता. त्या दिवशी तेमात तापमान चौतीस होतं आणि फोटोतला करारी चेहरा हा मुळात घाम डोळ्यात गेल्याचा चेहरा होता.

त्याच्या वडिलांनी त्याचं गाणं एकदाच ऐकलं. गावातल्या कोकोच्या गोदामात ते मापाडी होते. रेडिओवर गाणं लागलं तेव्हा ते काटा थांबवून म्हणाले, "या पोराच्या दाढा दुखतायत का?" पोरगा कोण हे कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी काटा पुन्हा सुरू केला. पुढे कुणी विचारलं तर "मुलगा बंदरात असतो," एवढंच सांगत.

आता वडील गेले होते. पाच आठवडे शवागारात ठेवून शनिवारचा अंत्यविधी ठरला होता, आणि क्वासीने त्यांच्यासाठी पहिल्यांदाच ट्वीत रॅप लिहिलं होतं. मायबोलीत, बापाच्या भाषेत, एकही इंग्रजी शब्द न घालता. शाळेच्या वसतिगृहात ट्वी बोलल्याबद्दल गळ्यात पाटी अडकवली जाई. क्वासी इतका शहाणा, की त्याच्या गळ्यात ती कधी पडलीच नाही. त्याची किंमत आता मोजावी लागत होती. बत्तीस ओळींना तीन आठवडे लागले. पण अंत्यविधीच्या त्या एका दिवशी मेलेला माणूस आपल्यासाठी म्हटलेलं सगळं ऐकतो, हे एफिदुआसेत कुणाला पटवून द्यावं लागत नाही. शनिवार गेला की बापाला ऐकवायचं राहिलं ते राहिलंच.

अडचण बिरागो आत्याची होती. या भागातल्या आसांते लोकांत मुलं आईच्या कुळाची. बापाच्या मयताला मुलांनी शवपेटी आणायची आणि दाखवलेल्या खुर्चीवर बसायचं. कार्यक्रम बापाचं कुळ ठरवणार, आणि बापाच्या कुळात या घडीला बिरागो आत्याचाच शब्द चाले.

"रॅप म्हणजे ते हात हलवत भांडतात ते?" गुरुवारी अंगणात सुतकाचं लाल कापड बेतता बेतता आत्याने विचारलं.

"आत्या, ते भांडण नसतं. ती आपल्या आफ्रिकन अस्मितेची..."

"म्हणून दाखव."

आत्याच्या शेजारी आणखी दोन म्हाताऱ्या होत्या, दोघी विलाप म्हणण्यात मुरलेल्या. क्वासीने फोनवर ताल लावला. तो तेमाच्या एलिकेमने लॅपटॉपवर बनवला होता, जड, प्रत्येक ओळीच्या शेवटी धपकन खाली बसणारा. क्वासीने डोळे मिटले आणि सुरुवात केली. 'तू होतास तेव्हा घरात गारवा होता, माझ्या पापा. तुझ्या वाऱ्याखाली मी झोपलो, माझ्या पापा. आता अंगाला घाम फुटलाय, तू कुठेस, पापा?'

संपल्यावर त्याने डोळे उघडले. तिन्ही म्हाताऱ्या त्याच्याकडे विलक्षण गंभीरपणे बघत होत्या. आपण काळजाला हात घातला, असं त्याला वाटलं.

"छान आहे," एक म्हातारी जपून म्हणाली. "पण हा पंखा कुणाचा?"

"कुठला पंखा?"

"ज्याच्यासाठी रडतोयस तो."

ट्वीत 'पापा' हा शब्द आवाजाच्या पट्टीवर चालतो. खालून वर गेला तर बाप. दोन्ही अक्षरं वर राहिली तर 'चांगलं'. दोन्ही खाली पडली तर ताडाच्या पानांचा हातपंखा. एलिकेमचा ताल ओळीच्या शेवटी खाली बसत होता आणि त्याच्यासोबत क्वासीचा पापाही बसत होता. आठ वेळा. त्यात गारवा, वारा आणि घाम त्याने स्वतःच्या प्रतिभेने पुरवले होते.

"आमच्या भावाकडे हातपंखा नव्हताच," आत्या दुसऱ्या म्हातारीला समजावत म्हणाली. "विजेचा होता. त्याचंही एक पातं गेलेलं."

"मग त्या पात्याचं दुःख असेल."

दोघी पदर तोंडाला लावून हलायला लागल्या. क्वासीला फोनवरचा ताल बंद करायचंही सुचलं नाही, तो मागे धपधपत राहिला.

"हे बघ क्वासी," आत्या कात्री ठेवत म्हणाली, "मी तुला दहा मिनिटं देते. पण माझा भाऊ शेवटचं जे ऐकेल ते पंख्याबद्दल नसेल. नाना असिएदूकडे जा. तो हो म्हणाला तर उभा राहा. नाही म्हणाला तर खुर्चीवर बसून गुपचूप रड, बंदरातल्या माणसासारखा."

नाना असिएदू गावातले बोलते ढोल वाजवायचे. जोडीतला एक ढोल उंच आवाजाचा, एक खालच्या. राजाच्या दरबारापासून मयतापर्यंत जे सांगायचं ते त्या दोन आवाजांत सांगायचं. शुक्रवारी क्वासीने त्यांना रॅप म्हणून दाखवलं. त्यांनी मध्येच हात वर केला.

"जीभ अशी आत कुठे दुमडतोस?"

"ती स्टाइल आहे, नाना. कॅसेटवरून शिकलो."

"कॅसेट परत करून ये. आता पुन्हा म्हण, फोन बंद करून."

फोन बंद झाल्यावर क्वासीला आपला आवाज फार उघडा वाटला, अंघोळीला बसल्यावर दार उघडं राहिल्यासारखा. नानांनी त्याची ओळ ऐकली आणि ढोलावर वाजवली. एकही शब्द नव्हता, तरी शेजारच्या घरातून एक बाई ओरडली, "कुणाचा बाप वारला, नाना?"

"ऐकलंस?" नाना म्हणाले. "माझ्याकडे शब्द नाहीत, नुसता चढउतार आहे, आणि तिला कळलं. तुझ्याकडे नुसते शब्द आहेत. तुला वाटतं तालावर भाषा बसवायची. अरे, ताल भाषेतच आहे. तू तिच्या मागून चाल."

हे दुपारभर चाललं. क्वासीने मांडीवर हाताने ठेका धरला, वर जायचं तिथे वर, खाली यायचं तिथे खाली. चुकला की नाना चुकलेला शब्द ढोलावर वाजवत आणि शेजारीण हसे. 'ढोल आमच्या रक्तात आहे' असं क्वासीने कधीकाळी एका मुलाखतीत सांगितलं होतं. रक्ताने या कामी काही मदत केली नाही. संध्याकाळी नाना म्हणाले, "बारा ओळी नीट आहेत. वीस टाकून दे."

"नाना, त्या विसांत माझी अस्मिता आहे."

"असू दे. बारांत बाप आहे."

शनिवारी मांडवाखाली सगळा गाव लाल-काळ्या कापडांत बसला होता. एलिकेम लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. आज तुझं काम नाही, हे क्वासीने त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, ताल नाही तर मग हे रॅप कसलं?" क्वासी माइकजवळ गेला, मांडीवर थाप मारली आणि सुरू झाला.

पहिला पापा वर गेला. दुसराही गेला. विलाप म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांनी खालून हुंकार धरला, चौथ्या ओळीला एक बाई उठली आणि दोन बोटं त्याच्या डोक्यावर धरून उभी राहिली. वाहवा अशीच देतात. सायक्लोनच्या कुठल्याही कार्यक्रमात कुणी इतक्या जवळ आलं नव्हतं. बारा ओळी संपल्या तेव्हा त्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि आता त्याला कशाचीच घाई नव्हती.

मग ढोल वाजला. थोडकाच, चार-पाच ठोके, आणि थांबला. सगळा मांडव क्वासीकडे बघू लागला. नाना आपला गौरव करतायत, हे ओळखून क्वासीने डोळे मिटून, मान लववून तो स्वीकारला. ढोल पुन्हा तसाच वाजला. क्वासीने पुन्हा मान लववली, जरा जास्त खाली. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

आत्या उठून त्याच्या कानाशी आली. "अरे मान काय हलवतोस? तो विचारतोय."

"काय विचारतोय?"

"तू कुणाचा, म्हणून विचारतोय. उत्तर दे."

क्वासीने शवपेटीकडे पाहिलं. माइक हातात होता, पण यमक नव्हतं, ठेका नव्हता, एक ओळही तयार नव्हती.

"क्वाकू द्वुमफोरचा," तो म्हणाला. "मापाड्याचा."

"मोठ्याने," आत्या म्हणाली. "माझ्या भावाला उजव्या कानाने कमी ऐकू यायचं."

तो शवपेटीला वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि त्याने पुन्हा सांगितलं.