सतरावी हालचाल

"थोरल्या, गुडघा! आधी गुडघा वर, मग पाय! लाथेने दार ढकलताय का?"

सरांचा आवाज हॉलभर घुमला आणि मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. थोरलीने दातओठ खात पुन्हा गुडघा उचलला. शेहेचाळीस वर्षांचा गुडघा तो, सांगितल्याबरोबर थोडाच वर जाणार? कमरेपर्यंत आला, तिथे जरा विचारात पडला आणि मग पाय कसाबसा पुढे गेला.

"हं. धाकट्या, आता तुम्ही दाखवा."

शेजारी उभ्या असलेल्या तिच्या धाकट्या जावेने पाय उचलला. तो थेट खांद्याच्या उंचीला गेला, तिथे क्षणभर थांबला आणि चकार आवाज न करता जागेवर परत आला.

"बघा सगळ्यांनी. याला म्हणतात लाथ."

थोरलीने बघितलं. गेलं दीड वर्ष ती दुसरं करत काय होती?

दोघी जावांचं आडनाव एकच, म्हणून हजेरीत घोटाळा नको असं म्हणत सरांनीच ही नावं पाडली होती. घरात थोरली थोरली होती, यात वादच नव्हता. कपाटाची किल्ली तिच्याकडे, पाहुण्यांशी बोलायचा मान तिचा, आणि सासूबाई काही विचारायचं तर आधी तिला विचारत. धाकटी तिला ताई म्हणे, अहो-जाहो करी. कराटेच्या वर्गात मात्र दोघींच्या कमरेला एकच निळा पट्टा होता. थोरलीला तो मिळवायला तीन वर्षं लागली होती आणि धाकटीला दीड.

तीन वर्षांपूर्वी थोरली इथे आली ती स्वतःच्या मनाने. खालच्या मजल्यावर रक्त तपासायची लॅब आहे, तिथे ती रक्त काढायचं काम करते. सुई टोचलेली कळतसुद्धा नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसांची रांग तिच्याच खुर्चीपुढे. दिवसभर वाकून वाकून पाठ धरायची. वरून धपाधप आवाज यायचे, ओरडणं ऐकू यायचं. एकदा ती सहज जिना चढून बघायला गेली आणि पुढच्या मंगळवारी नाव घालून आली. घरी सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. नवरा म्हणाला, "आता आम्ही जपून बोलायचं म्हणजे." चेष्टा आठ दिवस चालली, मग लोक विसरले. थोरली विसरली नाही. एकत्र कुटुंबात टॉवेल सामायिक, रिमोट सामायिक, दुपारची झोपसुद्धा सामायिक. आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळचा दीड तास तेवढा तिचा एकटीचा होता, आणि तिथे कोणी तिला किल्ली मागत नव्हतं.

पायाचं बोट मोडलं तेव्हा ती सहा आठवडे खुर्चीत बसून नुसते हात करत होती. हिरव्या पट्ट्याच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली, तेव्हा घरी सांगितलं की परीक्षाच पुढे गेली. या सगळ्यावर तिने एक एक पट्टा चढवला होता.

आणि मग एके दिवशी भाजी निवडता निवडता धाकटी म्हणाली होती, "ताई, मी पण येऊ का? नुसतं बघायला हो."

नुसतं बघायला आली आणि शिकली. धाकटी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवते. दिवसभर दुसऱ्याच्या चुकांशेजारी शांत बसायची सवय, त्यामुळे घाबरणं हा प्रकार तिला ठाऊक नाही. सरांनी एकदा सांगितलं की तिला जमायचं. थोरलीचा स्वतःचाच मुलगा काकूचा व्हिडिओ काढून मित्रांना दाखवू लागला. सासूबाई म्हणायच्या, "धाकटे, ते उडी मारतेस ते दाखव गं एकदा." नवराही एकदा बोलून गेला, "तिचं अंगच हलकं आहे गं, तुझं तसं नाही." त्या रात्री थोरली त्याच्याकडे पाठ करून झोपली.

हेवा वाटतो, हे ती स्वतःशी कबूल करत होती. लपवून काय करायचं? धाकटीने घागर उचलली तरी तिच्या पोटात दुखायचं.

आता दोघी तपकिरी पट्ट्याच्या परीक्षेला बसणार होत्या. तपकिरी म्हणजे काळ्याच्या अलीकडचा. त्यासाठी सव्वीस हालचालींचा एक काता करून दाखवायचा होता. काता म्हणजे समोर नसलेल्या शत्रूशी ठरलेल्या क्रमाने केलेली मारामारी. सरांनी तो शिकवला त्या आठवड्यात धाकटीच्या मुलीला कांजिण्या आल्या होत्या, म्हणून ती आली नव्हती. आणि लगेच सरांच्या हर्नियाचं ऑपरेशन निघालं. जाताना ते म्हणाले, "मी एकदम परीक्षेच्या दिवशीच येईन. थोरल्या, तुमचा काता पाठ आहे. धाकट्यांना घरी तुम्ही शिकवा."

थोरलीला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गच्चीवर कपड्यांच्या दोऱ्या बाजूला सारून ती पुढे उभी राहिली आणि धाकटी मागे. दोन दिवसांत सोळा हालचाली झाल्या. तिसऱ्या दिवशी सतरावी आली. तिथे मागच्या पायावर गर्रकन डावीकडे वळायचं असतं.

"आता उजवीकडे," थोरली म्हणाली.

जीभ घसरली होती, दुसरं काही नाही. दुरुस्त करायला तिने तोंड उघडलंही. पण मागे वळून पाहते तो धाकटी उजवीकडे, पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभी. पाठ ताठ, मूठ कानाशी, तोल असा की पाण्याचा पेला डोक्यावर ठेवावा. पहिल्याच झटक्यात. थोरलीला ते वळण बसायला चार दिवस लागले होते.

"बरोबर आहे ना, ताई?"

"बरोबर आहे," थोरली म्हणाली.

मग रोज तेच. धाकटीला दाखवायचं तर स्वतः करून दाखवावं लागे. सोळा, सतरा, उजवीकडे टाकी. सोळा, सतरा, उजवीकडे टाकी. उद्या सांगू, असं तिने दोनदा ठरवलं. एकदा तर जिना चढताना शब्दसुद्धा जुळवले. पण वर धाकटी आधीच येऊन उभी असायची, गाणं गुणगुणत, घाम नाही, धाप नाही. मग थोरली सरळ पहिल्या हालचालीपासून सुरू करायची. वर्गात सरांचा मदतनीस नुसत्या ठोशा-लाथांचा सराव घेई, कात्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. एकदाच नापास होईल, थोरली मनाला समजवायची. मी नव्हते का झाले?

परीक्षेच्या दिवशी सर आले, हळूहळू चालत, पोटावर हात धरून. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पांढऱ्या केसांच्या, लहानखुऱ्या, एकदम गप्प. काता दोघीदोघींनी करायचा होता. थोरली डावीकडे, धाकटी उजवीकडे, समोर परीक्षकांचं टेबल.

"सुरू."

थोरलीने इतका चांगला काता आयुष्यात केला नव्हता. गुडघा म्हणाल तिथे गेला, ठोशाला बाहीचा फटका वाजला. तेरा, चौदा, पंधरा. सरांनी मान हलवलेली तिला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसली. सोळा. डावीकडे, ती मनात म्हणाली, मी डावीकडे. आणि तिचं अंग उजवीकडे वळलं.

समोर खिडकी दिसायला हवी होती. समोर धाकटी होती. धाकटी बरोबर डावीकडे वळली होती. दोघी जावा मुठी उगारून एकमेकींच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या.

धाकटीने पापणीही न हलवता अठरावी हालचाल केली. थोरलीला पुढचं काही आठवेना. परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, ते दोन अक्षरांपेक्षा जास्त नव्हतं.

कपडे बदलायच्या खोलीत धाकटी नवा तपकिरी पट्टा घडी घालून हातात धरून बसली होती. डोळे भरलेले.

"ताई, हे माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे?"

"तुम्ही उलट वळताय हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी वर्गातल्या औषधांच्या दुकानवाल्या बाईंना विचारलं होतं हो. वाटलं, तुमच्या लक्षात राहिलं नसेल, वर्गात कोणीतरी सांगेल. तुम्हाला मी कसं सांगायचं? तुम्ही एवढ्या पहाटे उठून मला शिकवताय आणि मी चुका काढायच्या? मग मी दुपारी ड्रायव्हिंग स्कूलच्या आवारात गाड्यांच्या मधे बरोबर करायचे. तोंड उघडलं असतं तर आज तुम्हाला पण मिळाला असता पट्टा."

थोरली म्हणाली, "असू दे गं. होतं असं."

आणि त्या क्षणी तिला चक्क बरं वाटलं. माफ करणारी थोरली.

घरी धाकटीने सगळ्यांसमोर तेच सांगितलं. सासूबाईंनी तिला चांगलं फैलावर घेतलं. "मोठ्या माणसाची चूक दिसली तर सांगू नये होय? गप्प बसून आपला पट्टा घेऊन आलीस!" धाकटी मान खाली घालून ताटातलं चिवडत होती. थोरली दोन घास जास्त जेवली. पेढे आणायला कोणी उठलं नाही, अभिनंदन कोणी केलं नाही. मुलगासुद्धा काकूला काही बोलला नाही.

दोन दिवस असेच गेले. थोरलीची झोप मात्र उडाली होती. धाकटी जास्तच गोड बोलू लागली. चहा हातात आणून देई, पिळे स्वतः वाळत घाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी गच्चीवर कपडे काढत होत्या, तेव्हा ती म्हणाली, "ताई, मी ठरवलंय. तुम्हाला मिळेपर्यंत मी तो पट्टा बांधणारच नाही. सरांना सांगते, माझा निळाच राहू दे."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आता हिने दिलेलं घ्यायचं? हिने थांबून वाट बघायची आणि मी मागून धापा टाकत पोचायचं?

"काही नको तुझे उपकार," ती म्हणाली. "मी विसरले नव्हते. मला माहीत होतं, डावीकडे आहे ते."

"म्हणजे?"

"म्हणजे मी तुला मुद्दाम चुकीचं शिकवलं. पहिल्यांदा चुकून बोलले. मग मुद्दाम."

धाकटीच्या हातात चादर होती. तिने ती खाली ठेवली नाही.

"किती दिवस?"

"शेवटपर्यंत."

"का पण?"

थोरलीला वाटलं होतं की हे विचारलं तर आपल्याला पुष्कळ सांगता येईल. तीन वर्षं, पायाचं बोट, मुलाचा व्हिडिओ, नवऱ्याचं बोलणं. त्यातलं काहीच सांगण्यासारखं उरलं नाही.

"मला बघवत नव्हतं," ती म्हणाली.

धाकटीने चादरीची घडी घातली. टोकाला टोक जुळवून, चार पदरी, अगदी नीट. सगळे कपडे उचलले आणि खाली गेली. तिने घरात कोणाला काही सांगितलं नाही. त्या रात्री थोरलीने स्वतःच सासूबाईंना आणि नवऱ्याला सांगितलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तुला थोरली म्हणून आणली होती गं मी."

मंगळवारी वर्गात जाणं थोरलीच्या जिवावर आलं होतं. तरी ती गेली. धाकटी आधीच आली होती आणि तिच्या कमरेला तपकिरी पट्टा होता, घट्ट बांधलेला.

सरांना काहीच माहीत नव्हतं. "थोरल्या, तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा. ते उलटं वळण तुमच्या अंगात मुरलंय, काढावं लागेल. धाकट्या, तुमचं कामच शिकवायचं. घ्या यांच्याकडून करून."

"हो, सर," धाकटी म्हणाली.

हॉलच्या कोपऱ्यात दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"सोळापासून करा."

थोरलीने केलं. अंग पुन्हा उजवीकडे गेलं. ती टोमण्याची वाट बघत थांबली. तिच्या स्वतःच्या तोंडून एखादा नक्कीच गेला असता.

"आधी मान वळवा, मग खांदा," धाकटी म्हणाली. "वजन मागच्या पायावर. श्वास वळताना सोडायचा, वळून झाल्यावर नाही." तिने थोरलीचा खांदा धरून डावीकडे फिरवला. पुन्हा. पुन्हा. सातव्या वेळेला खांदा आपला आपण फिरला आणि समोर खिडकी आली.

"बरोबर. परत करा."

ती सगळं सांगत होती. नजर कुठे ठेवायची, टाच कधी टेकवायची. सरांनीसुद्धा न सांगितलेलं, स्वतःला सापडलेलं काहीबाही. हातचं काही राखत नव्हती. हिच्या जागी मी असते तर मला हे जमलं असतं का, असं थोरलीच्या मनात आलं, आणि तिला पुन्हा हेवा वाटला. या वेळी पायाचा नव्हता, आणि तो जास्त दुखला.

अर्धा तास झाला. थोरलीने घाम पुसला.

"सकाळी गच्चीवर येशील?" तिने हळूच विचारलं.

"नको. गुरुवारी इथेच करू. तुम्ही तोवर मान वळवायचा सराव करा," धाकटी म्हणाली आणि वाकून नमस्कार करून आपल्या रांगेत गेली.

त्या अर्ध्या तासात तिने एकदाही ताई म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हणत होती, गाडी शिकायला आलेल्या कुठल्याही परक्या बाईला म्हणते तसं.