भाजीच्या पाण्याचा कस

मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून महिपतीला डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा मळवलीहून लोणावळ्याला जावे लागे. रविवारामुळे मधले अंतर लांबे, तेव्हा रक्तात साठलेले पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यांत घोटाळा करी. म्हणून डॉक्टरांनी त्याच्या पत्नीला, बयाबाईला बजावले होते की भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी काढून टाकायचे. उकळल्याशिवाय तिने भाजी कधी दिली नव्हती. तरीही त्या सोमवारी महिपतीचे पाय लुळे पडले, नाडी मंदावली. हृदयाचा आलेख पाहताच डायलिसिस केंद्रातल्या अनिता सिस्टरांनी डॉक्टरांना हाक मारली आणि त्याला रांग मोडून यंत्राला जोडले.

ठोके ताळ्यावर आल्यावर त्या बयाबाईकडे वळल्या.

"मावशी, खरं सांगा. केळं दिलंत? नारळपाणी?"

"न्हाई बाय. भाजीसुदिक उकळूनच देते."

"आणि ते पाणी?"

"त्ये यांच्या आमटीत. समदा कस त्यातच उतरतो, त्यो मोरीत कसा वतायचा? आमी थेंब घेत न्हाई, समदं यांनाच."

"मावशी, जे काढायचं होतं, ते त्याच पाण्यात होतं."

बयाबाईचा चेहरा उतरला. तिला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल. काळजी थोडी कमी असती, तर ते पाणी केव्हाच मोरीत गेले असते.

"म्याच तुमच्या जिवावर उठले व्हय," ती पुटपुटली.

"रडू नगंस," महिपती पडल्यापडल्या म्हणाला. "सिस्टर, आमटी लय झ्याक व्हती. त्येबी लिवा तुमच्या कागदावर."

दुसऱ्या दिवशी उकळलेल्या पाण्याचे पातेले घेऊन ती मोरीपाशी उभी राहिली. ते काही तिला कलंडवेना. महिपतीने पातेले काढून घेतले, निवू दिले आणि परसातल्या दोडक्याच्या बुडाशी ओतले.

"वेलाला सोसंल का वो?"

"न सोसायला काय झालं? त्याला कुटं काळीज हाय?"

पुढच्या सोमवारी आलेख पाहून सिस्टर नुसत्या हसल्या.

वेल मात्र माजला. त्याचेच दोडके आता बयाबाई चिरून उकळते, आणि पाणी निवले की त्याच्याच बुडाशी नेऊन ओतते. "घे बाबा, तुजं तुला," असे त्याला सांगून ती घरात येते आणि ओला हात पदराला पुसून महिपतीच्या छातीवर ठेवते.