काळ्या खडकाची खूण

"बाबा, मशीन अडलंय. तुमचं ठेवू की प्रज्योतचं?" नेत्राने विचारलं.

"कसलं माझं नि कसलं त्याचं?" हरेश्वर तांडेल खाटेवरून म्हणाले.

"काळ्या खडकाची खूण. सकाळी तुम्ही सांगितलीत ती मी इथे लिहिली. तिकडे प्रज्योतने बोटीवर फोनमध्ये तीच ओळ बदलली. आता फोन घरी आला, तर मशीन विचारतंय, कुठली खरी?"

गुडघ्यांमुळे हरेश्वर दोन वर्षं समुद्रावर गेले नव्हते. देवळाचा कळस आणि पाण्याची टाकी एका ओळीत आली, की खाली काळा खडक, तिथे जाळं टाकायचं नाही. अशा सगळ्या खुणा त्यांच्या डोक्यात होत्या. अंधेरीच्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सुनेने, नेत्राने, त्या उतरवून बोटीसाठी एक छोटा प्रोग्रॅम केला. सासऱ्यांची अट एकच होती: "आपल्या खुणा परक्याच्या मशीनवर नको." म्हणून कपाटावर एक जुना कॉम्प्युटर बसला. प्रोग्रॅम आणि खुणा, आधीच्या खोडाखोडीसकट, तिथे, नेत्राच्या लॅपटॉपवर आणि प्रज्योतच्या फोनवर, तिन्हीकडे पूर्ण असत. घरच्या वायफायवर आली की तिन्ही यंत्रं एकमेकांना नवीन काय ते सांगत. एकच ओळ दोघांनी बदलली, तरच अडत.

गेल्या महिन्यात टाकी पाडली. हरेश्वरांनी तीन सकाळी जेट्टीवर उभं राहून तिच्या जागी एक निळी इमारत निवडली होती.

प्रज्योत अंगणातून फाटकं जाळं ओढत आत आला.

"टाकी नाय, काय नाय. अंदाजानं गेलो नि जाळं अडकलं. मग तिथंच थांबून नवी ओळ बघितली. कळस नि मोबाईलचा टॉवर."

"आणि निळी इमारत?"

"खडकावरून ती कळसाच्या लय बाजूला दिसते, बाबा."

"बापलेकांना भांडायला आता मशीन पण लागतं!" नेत्राच्या सासूबाई मथुराबाई चुलीपाशी पुटपुटल्या.

हरेश्वर हसले नाहीत. "तू खडकाच्या वर होतास?"

"बरोबर वर. दोरी सोडून बघितली. चार वावांवर खडक लागला."

"खूण पाण्यावरून धरायची, हे तुला मीच शिकवलं." ते नेत्राकडे वळले. "आणि मी जेट्टीवरून धरली. त्याचं ठेव, बाय."

"तुमची खूण पुसली जात नाही, बाबा. खोडलेलं पण आत राहतं, नाव-तारखेसकट."

"आत राहू दे. वर नको. कुणी ती धरून गेला, तर त्याचं जाळं फाटेल."

नेत्राने बटण दाबलं आणि यादी त्यांच्यासमोर धरली. प्रत्येक खुणेपुढे ती देणाऱ्याचं नाव होतं. बेचाळीस ओळींपुढे हरेश्वर. एकीपुढे प्रज्योत. म्हाताऱ्याने चष्मा लावून त्या एका ओळीवर बोट ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.

मग त्यांनी जाळं मांडीवर ओढून घेतलं.

"मथुरा, सुई दे."

फाटलेली कड चाचपत ते पहिली गाठ मारू लागले.