पायरीला एक अर्थ

मी शब्दकोशाच्या कचेरीत काम करते. रसायनशास्त्र शिकून तिथं कशी पोचले ते असो. वर्गीकरणाची सवय मात्र कामाला आली. त्या रविवारी ‘स्क्रॅम्बल’ या इंग्रजी शब्दाची कार्डं घरी आणली होती. टेबल अपुरं पडतं, म्हणून मी ती जिन्यावर मांडते, पायरीला एक अर्थ. पहिलीवर अंडी फेटून परतणं. दुसरीवर जागा पकडायची झुंबड. तिसरीवर लढाऊ विमानांचं तातडीचं उड्डाण, चौथीवर इतरांना कळू नये म्हणून संदेशाची केलेली मोडतोड. पाचवीवर मी, मांडीवर शेवटचं कार्ड: हातापायांनी कसंबसं वर चढणं. सासूबाई म्हणाल्या, या शब्दाला घरदार नाही का, मिळेल तिथं राहतो.

मुलगी खाली सतरंजीवर होती. दीड वर्षाची. खुब्याच्या शस्त्रक्रियेचं प्लास्टर निघून महिना झाला, तरी डावा पाय ती सामानासारखा ओढत होती. त्यावर आपणहून भार घेतला नाही, तर उद्या दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख ठरणार होती.

कागद चुरगळल्याचा आवाज आला. पाहते तर ती पहिल्या पायरीवर, अंड्यांचं कार्ड तोंडात. नजर दुसऱ्या पायरीवर. तिनं दोन्ही हात वर टाकले, छाती टेकवली, उजवा गुडघा चढवला आणि घसरली. हनुवटी आपटली. रडली नाही. मग डाव्या पायाचा अंगठा पायरीची कड चाचपू लागला. थांबला. दाबला गेला. मांडी थरथरली, आणि सगळी मुलगी वर आली.

सासूबाई धावल्या.

“आई, हात लावू नका.”

“अगं, पडेल ना.”

“तुम्ही खाली आहात, मी वर आहे. पडू दे.”

विमानं तिच्या पोटाखाली चेपली. पुन्हा तोच अंगठा, तीच चाचपणी. डॉक्टरांनी सांगितलेली पायाच्या स्नायूंची नावं मला पाठ होती, क्रमसुद्धा. त्यांतलं काहीच हे नव्हतं.

चौथ्या पायरीवर तिनं माझे गुडघे धरले, उभी राहिली आणि माझ्या मांडीवरचं कार्ड ओढून घेतलं. मी दिलं. सासूबाई खाली पदर पसरून उभ्या होत्या, झाडाखाली उभं राहावं तशा. मी पाहत होते ती डावी टाच. थरथरत होती, पण पूर्ण टेकलेली होती.