गवराबाईची बैलपारख

चाकणच्या पलीकडं माळावर वसलेल्या त्या वाडीत वैशाख लागला की विहिरीचा तळ दिसायचा, आणि गवराबाईच्या घरात एकच घागर चार कामं करायची. तांदूळ धुतलेलं पाणी वासराला. भांडी आधी राखेनं कोरडी घासायची, मग जेमतेम विसळायची, आणि ते पाणी मिरच्यांना. अंघोळ एका कळशीत. सून छबू लग्न होऊन आली तेव्हा पहिला आठवडाभर रडली होती. आता चार वर्षांनी ती शेजारच्या सगुणाबाईला शिकवायची.

त्या साली पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता. गवराबाईचा लेक भैरू तिथं कामाला लागला होता आणि महिन्यातून एकदाच घरी यायचा. थोरला बैल संक्रांतीला गेला, उरलेला विकून टाकला, तेव्हापासून गाडी दारात नुसती उभी होती. कोसभरावर भामा नदीच्या डोहात पाणी होतं, पण तेवढ्या लांबून डोक्यावर आणणार कोण?

अशात छबूचे वडील रंगराव आले. ते तळवड्याचे, इंद्रायणीकाठचे. जन्मभर नदीत डुंबलेला माणूस. चाकणच्या शनिवारच्या बाजारात त्यांना एक खिलार जोडी आवडली होती, पण मन काही घट्ट होईना. शेवटी जोडीचा मालक मालोजी वैतागून म्हणाला, "आठ दिस न्या, राबवून बघा, म्होरल्या शनिवारी काय ते सांगा." मग रंगराव जोडी घेऊन लेकीच्याच घरी उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंघोळीला तीन घागरी संपवल्या आणि नहाणीतून हाक दिली, "छबे, आजून एक आण गं. पाठ कोरडीच ऱ्हायली."

छबू रांजणाशी उभी होती. विहिरीवर तासभर ताटकळलं तर एक गढूळ घागर भरायची. पण व्याह्याला पाणी पुरे म्हणायचं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. गवराबाईनं शेवटची घागर स्वतः उचलून नेली आणि दाराशी ठेवत म्हणाली, "न्हा पाव्हणं, सावकाश न्हा."

आत्याबाई असं गोड बोलल्या की कुणाचं तरी काही खरं नसतं, हे छबूला ठाऊक होतं.

न्याहारीला भाकरी वाढताना गवराबाई म्हणाली, "जोडी देखणी हाय. पर डावा मला जरा अंगचोर वाटतो."

रंगरावांचा घास हातातच राहिला. "डावा? कशावरनं?"

"बाईमाणसाला काय कळतंय म्हणा. पर चढ दावल्याबिगर बैल कळत न्हाई, असं आमचं मालक म्हणायचं. भामेच्या डोहाकडनं वर येताना खडा चढ हाय. वझं घालून एकदा चढवा."

"वझं कसलं घालू? धोंडं?"

"धोंडं कशाला? भैरूनं पिंपरीवरनं दोन लोखंडी पिंपं आणल्यात. डोहात भरून घ्या, चांगलं वजन हुतंय. वर आल्याव पाणी दिऊ वतून."

आत्याबाईंच्या तोंडून 'पाणी दिऊ वतून' ऐकलं आणि छबूला असा ठसका लागला की तिला उठून परसात जावं लागलं.

रंगरावांनी गाडी जुंपली. ऊन चढायच्या आत जोडी दोन्ही पिंपांसकट चढ चढून वर आली. गवराबाई कपाळावर हात धरून वाटेवर उभीच होती.

"डावा झकास हाय की," ती म्हणाली. "मग उजवा डाव्याच्या जिवावर चालत असंल."

दुसऱ्या दिवशी बैलांच्या बाजू बदलून खेप झाली. मग सकाळच्या गारव्यात कुणीही चालतं, म्हणून दिवस कलताना. मग पोटभर वैरण खाल्ल्यावर सुस्तावतात का ते बघायला. प्रत्येक वेळी पाणी 'वतून' दिलं जायचं: आधी रांजणात, मग हंड्यात, वासराच्या डोणीत, आणि मग सगुणाबाईच्या घरी, कारण तिची सून बाळंतीण होती. रंगरावांच्या तीन घागरींबद्दल आता कुणी हूं की चूं करत नव्हतं.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर सगुणाबाई कडेवर कळशी घेऊन आली. बैल गोठ्याच्या सावलीत रवंथ करत होते. तिकडं मान न वळवताच ती म्हणाली, "रंगरावदादा, उजव्याच्या शेपटीत खोट हाय जणू. आनखी एक खेप करून बघा."

रंगरावांनी तिच्या कळशीकडं पाहिलं. मग अंगणात ओळीनं मांडलेल्या आळीतल्या घागरींकडं. मग लेकीकडं, तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. ते गाडीच्या धुरीवर हळूच बसले.

"इहीणबाई, खरं सांगा. तुमची बैलपारख कवा झाली?"

"पयल्याच दिशी," गवराबाई म्हणाली. "आसली जोडी पंचक्रोशीत न्हाई. डोळं झाकून घ्या."

"आन मग मला आठवडाभर का पळिवलंत?"

"तुमचीबी पारख करायला नगं व्हय?"

रंगराव असे हसले की बैलांनी कान टवकारले. हसतहसतच त्यांनी जोखड उचललं आणि सगुणाबाईला म्हणाले, "चला, तुमची शेपटीची खोट बघून येतो."

शनिवारी उजाडताच ते तीन घागरी अंघोळ करून, "मी आणलंय, मी वततोय," असं सगळ्या आळीला ऐकवत, जोडी पक्की करायला चाकणला गेले.

दुपारी घर निवांत झालं. दोन्ही पिंपं काठोकाठ होती. गवराबाईनं शिकेकाई उकळली आणि ती नहाणीत शिरली. छबू बाहेर शेंगा फोडत बसली. बऱ्याच वेळानं आतून ओवीचा सूर आला. चार वर्षांत तिनं सासूला गाताना कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात सगुणाबाई डोकावली. "गवरा कुठं हाय?"

"न्हातायत."

"मघाशी आले तवाबी न्हातच हुती की."

"व्हय," छबू म्हणाली, आणि शेंगांचं सूप तिच्याकडं सरकवून तिला बसायला जागा केली.