जाड सोंडेचा ढेकूण

अंथुर्ण्याच्या करुणाला ढेकूण ओळखायला तिच्या नवऱ्यानंच शिकवलं होतं. खाटेतला नव्हे, सोयाबीनवरचा. हिरवागार, पाठ ढालीसारखी, आणि बोट लागलं की असा उग्र वास सोडणारा की हात धुऊनही घास गोड लागू नये. कोवळ्या शेंगेत सोंड खुपसून तो दाण्याचा रस ओढतो. शेंग वरून शाबूत दिसते, आत दाण्याचं चिपाड.

सोमनाथला किड्यांचं वेड शाळेपासूनचं. भिंग त्याचं. पानाच्या पाठीला एकाला एक चिकटून बसलेली, इवल्या पिंपांसारखी अंडी त्यानंच तिला पहिल्यांदा दाखवली. "ह्यातली काळी पडलेली अंडी चिरडायची न्हाईत," असंही त्यानंच सांगितलं. "त्यात एक बारकी माशी वाढतीया. ती ढेकणाचं अंडं आतनं खाती. आपलीच हाय ती."

पण चार माणसांत सोमनाथची जीभ टाळ्याला चिकटायची. करुणा बोलायला लागली की बायका हातातलं खुरपं खाली ठेवून ऐकायच्या. बांधाला चवळी लावायची, ढेकूण आधी तिच्यावर जमतात. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असताना झटकून साबणाच्या पाण्यात पाडायचे, म्हणजे सगळ्या रानावर औषध मारायची पाळी येत नाही. हे तिनं आधी विहारात सांगितलं, मग गावात. कृषी खात्याच्या माधवी मॅडमनी तिचा व्हिडिओ काढला आणि तो दोन तालुक्यांत फिरला. परगावची माणसं दारात येऊन सोमनाथलाच विचारू लागली, "ताई हायत का?"

"हायत," म्हणून तो गोठ्यात जायचा आणि म्हशीला उगाच दोन शिव्या हासडायचा.

त्या ऑगस्टमध्ये इंदापूरला सोयाबीनवाल्यांचा मेळावा होता. करुणाला बोलायचं होतं. सोमनाथनं तिला मोटारसायकलवरून नेलं आणि स्वतः मधल्या रांगेत कडेला बसला. ती स्टेजवर आकाशी साडीत उभी राहिली. "मी बघितलं," "मला दिसलं," "मी करून बघितलं." प्रत्येक 'मी' त्याला टोचत होता. शेवटी तिनं पर्समधून भिंग काढून सगळ्यांना दाखवलं तेव्हा त्याच्या कानशिलाची शीर तटतटली. भिंग कुणी दिलं ते ती बोललीच नाही.

बोलणं संपल्यावर मागून वडगाव निंबाळकरचे संभाजीतात्या उठले. त्यांच्याजवळ झाकणाला भोकं पाडलेली एक बाटली होती.

"ताई, ह्यो तपकिरी ढेकूण बगा. रानात लई झालेत. ह्याचं काय करायचं?"

बाटली हातोहात पुढं निघाली. सोमनाथच्या हातात आली आणि तो थबकला. आतल्या किड्याच्या खांद्यांवर दोन अणकुचीदार काटे होते आणि सोंड जाड. पिकाचा रस पिणाऱ्याची सोंड केसासारखी बारीक असते, पोटाशी चिकटलेली. ही तशी नव्हती. हा ढेकणाच्याच कुळातला, पण पानं खाणाऱ्या अळीला सोंड खुपसून वाळवणारा. रानात हे जास्त झालेत म्हणजे तिथं अळीही भरपूर असणार, आणि यांच्यामुळंच ती दबून असणार.

बाटली पुढं गेली. माधवी मॅडम चहाचं बघायला बाहेर गेल्या होत्या. करुणानं बाटली उजेडात धरली, आणि समोर सगळे वाट बघत होते म्हणून असेल, घाई केली.

"तपकिरीबी असतोय, तात्या. ढेकूणच हाय. गोळा करा आन बुडवा."

सोमनाथ खुर्चीतून अर्धा उठला. एक शब्द पुरे होता. पण त्याच क्षणी त्याच्या मनात आलं, चुकू दे. एकदा चुकू दे हिला. तो परत खाली बसला. टाळ्या पडल्या, त्यानंही वाजवल्या. परतताना त्याला इतकं हलकं वाटत होतं की स्टँडजवळ त्यानं तिला भेळ खाऊ घातली. करुणाला वाटलं, चला, निवळले एकदाचे.

मग एका सकाळी तात्यांचा फोन आला. करुणा ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"पानांची चाळण झालीया म्हंत्यात. आळी पडली. मी काय चुकीचं सांगितलं वं?"

"जाऊन बघावं लागंल," सोमनाथ म्हणाला. अर्धी भाकरी तशीच ठेवून त्यानं गाडी काढली.

वडगावात तात्यांची बायको ठमाबाई बांधावरच उभी होती. "तुमचं ऐकून बाया लावल्या आन येकूण येक ढेकूण येचला," ती म्हणाली. "आता बगा."

करुणा सरीत शिरली. पानांच्या नुसत्या जाळ्या उरल्या होत्या. विहिरीच्या कोपऱ्यात तिला एक वाचलेला तपकिरी ढेकूण सापडला. त्याच्या सोंडेवर एक अळी लोंबत होती. करुणानं भिंग धरलं आणि कितीतरी वेळ हललीच नाही. मग मागं वळून पाहिलं. सोमनाथ किड्याकडं बघत नव्हता, जमिनीकडं बघत होता.

"बाटली तुमच्या हातातनं फुडं आली व्हती."

"व्हय."

"वळखला व्हता?"

नाही म्हणणं सोपं होतं. "व्हय," तो म्हणाला.

"मग बोलला का न्हाई?"

"सगळं तूच बोलत व्हतीस, करुणा. माझं काय शिल्लकच ऱ्हायलं न्हवतं."

तिचे डोळे भरले, पण आवाज चढला नाही. "राग माझ्यावर व्हता तर माझ्यावर काढायचा. ह्या माणसाच्या रानावर कशाला?"

ती बांधावर गेली आणि तात्यांना म्हणाली, "मी चुकले, तात्या. त्यो आळी खानारा व्हता. आपल्या कामाचा."

"आन ह्यांना ठावं न्हवतं?" तात्यांनी सोमनाथकडं बोट केलं.

करुणानं त्याला उघडं पाडलं नाही, झाकलंही नाही. सोमनाथ पुढं झाला.

"ठावं व्हतं, तात्या. हिच्या टाळ्या बघवंनात म्हणून गप बसलो."

"येवढा घोड्यायेवढा गडी," ठमाबाई म्हणाली, "आन बायकोच्या टाळ्यांवर जळतोय व्हय!"

त्या दिवशी दोघंही तिथंच राबली. अळ्यांचे पुंजके असलेली पानं तोडून बुडवली. पुढं काही दिवस सोमनाथ रोज सकाळी वडगावला जात राहिला. आपल्या रानातली त्या जाड सोंडेच्या ढेकणाची तांबडी-काळी पिल्लं तो डब्यात घालून न्यायचा आणि तात्यांच्या सोयाबीनवर सोडायचा. तात्या बोलायचे नाहीत, पण पाण्याचा तांब्या बांधावर ठेवायचे. पीक काही पहिल्यासारखं झालं नाही. निम्म्याच्या वर हाती लागलं. घरात करुणा कामापुरतं बोलायची.

दिवाळीआधी बारामतीला मेळावा झाला. करुणानं तिथं आपली चूक सगळ्यांसमोर सांगितली, सोमनाथचं नाव न घेता. मग म्हणाली, "ह्यो किडा माझ्यापरीस माझ्या मालकांना जास्त कळतो," आणि त्याला बोलावलं. तो अडखळत चार वाक्यं बोलला: काटे कुठं, सोंड कशी. टाळ्या पडल्या. पण नंतर माणसं जमली ती तिच्याच भोवती. चूक कबूल केल्याचंही कौतुक तिलाच. सोमनाथनं जाऊन गाडी काढली.

बारामतीबाहेर आल्यावर तो पुढं बघतच म्हणाला, "आजबी जळलो मी."

"दिसत व्हतं तोंडावर." करुणानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पन आज बोललात. फुडं बघून गाडी चालवा."