ग्रीने म्हणजे हसू की रडू?

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझे नाव 'ग्रीने'. मुळात माझा अर्थ एवढाच होता : तोंड वेंगाडून दात दाखवणे. पुढे आमचे कुटुंब पांगले. इंग्रजांकडे मी दात दाखवणारे हसू झालो, जर्मनांकडे मुसमुसू लागलो. डेन्मार्कमध्ये मी म्हणजे हसणे. आणि समुद्रापलीकडच्या नॉर्वेत मी म्हणजे चक्क रडणे! तरी कामाला मी कुठेच कमी पडलो नाही. जिथे लहान मूल, तिथे माझी दिवसभर ये-जा.

एकदा मात्र माझ्यामुळे मोठी पंचाईत झाली. डेन्मार्कच्या एका बंदरात बॉदिल आजी राहते. तिची सून टुरिड नॉर्वेची. तिथे जाणाऱ्या बोटीच्या स्वयंपाकघरात ती काम करी. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच कामावर निघाली. छोटी सिग्ने आजीजवळ रमली, तरच नोकरी टिकणार होती.

नॉर्वेच्या धक्क्यावरून तिने फोन केला. "आई, सिग्ने कशी आहे?"

"अगं, सकाळपासून नुसती ग्रीने करतेय!"

टुरिडने घाबरून विचारले, "मग तुम्ही काय करताय?"

"तुझे सासरे तिला आणखी ग्रीने करायला लावतायत! शेजारीणसुद्धा मजा बघायला आलीय."

तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला आणि फोन ठेवावा लागला. एरवी टुरिडला माझा डेन्मार्कमधला अर्थ ठाऊक होता. पण काळजीत पडलेल्या आईने मला माहेरच्या कानांनी ऐकले. मी तळमळलो, पण शब्दाला स्वतःचे तोंड कुठे असते?

संध्याकाळी ती धावतच घरी आली. "उद्यापासून मी कामावर जाणार नाही," ती दारातूनच म्हणाली. "लेकरू दिवसभर रडतंय आणि तुम्हाला मजा वाटते?"

"रडतंय? कोण रडतंय गं?" आजी गोंधळली.

आत आजोबा डोक्यावर मासळीची रिकामी टोपली घालून नाचत होते, आणि सिग्ने जमिनीवर लोळून खिदळत होती.

टुरिड पाहतच राहिली. मग ती खुदकन हसली आणि तिचे डोळे घळघळा वाहू लागले.

"सूनबाई, आता ही ग्रीने तुमची की आमची?" टोपलीखालून आजोबांनी विचारले.

"दोन्ही!" ती म्हणाली.

किती वर्षांनी माझे दोन्ही अर्थ एका चेहऱ्यावर भेटले! दुसऱ्या दिवशी टुरिड निश्चिंत मनाने बोटीवर गेली.

म्हणून सांगतो मित्रांनो, कोणाच्या बोलण्याचा राग आला, तर लगेच भांडू नका. "तुमच्या घरी याचा अर्थ काय?" एवढे आधी विचारा. आम्हा शब्दांना तेवढीच माया पुरते.